मस्तकाघातानंतरचे दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेविषयी कार्यवाहांचे पत्र आले, तेव्हा त्यांनी आम्हांला ‘छत्तीसगडातील मराठी माणूस’ हा विषय सुचविला होता. विषय गोड खरा. १७५८ मध्ये बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास कारभार हाती घेतला तेथपासून, १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या माधवराव सप्र्यांपर्यंत पुष्कळ सांगता आले असते, आणि आपणही ते समाधानाने ऐकून घेतले असते. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या घरावर जो प्रसंग गुदरला, त्याविषयी या सभागृहातील पुष्कळांनी आम्हांला वेळोवेळी विचारले आहे. आणि तसाच प्रसंग ज्यांच्या घरी आला, अशी तीन-चार कुटुंबे आजही समोर बसलेली आहेत. म्हणून कार्यवाहांना विनंती करून आम्ही विषय बदलून घेतला. डोक्याला जबर मार लागलेला माणूस जगतो, घरी येतो, आणि त्यानंतर काय होते, हा आजचा विषय.

आम्ही डॉक्टर नव्हे. बी. ए. पर्यंत शिकलेला, केंद्र सरकारच्या नोकरीत केस पांढरे केलेला एक अधिकारी, एवढीच आमची योग्यता. तेव्हा जे सांगू ते ऐकलेले, वाचलेले आणि भोगलेले आहे. औषधोपचार डॉक्टरांनाच विचारावेत.

आमचे धाकटे बंधू आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेत. गणेशोत्सवात तबल्याच्या साथीला तेच बसत. २०१७ च्या पावसाळ्यात, उत्सवाला आठवडा उरला असता, तालीम आटोपून ते रात्री स्कूटरने घरी निघाले. पावसाळ्यात आपल्याकडे गुरे रस्त्यावर येऊन बसतात, कारण भोवतालच्या चिखलात डांबराची तेवढीच कोरडी जागा त्यांना सापडते. काळ्या रस्त्यावर बसलेली काळी गाय त्यांना दिसली नाही. हेल्मेट होते, ते स्कूटरच्या पुढच्या हुकाला लटकवलेले होते. ‘हाकेच्या अंतरावर तर जायचे’ हे त्यांचे नेहमीचे उत्तर. त्या हेल्मेटला एक ओरखडाही पडला नव्हता. ते आम्ही अजून जपून ठेवले आहे.

येथे थोडे विषयांतर. अरबस्तानच्या लॉरेन्सचे नाव आपण ऐकले असेल. महायुद्धातून वाचलेला हा मनुष्य मे १९३५ मध्ये इंग्लंडातील एका खेड्याच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी शुद्धीवर न येताच गेला. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यविशारद होता. त्या मृत्यूने तो इतका अस्वस्थ झाला की, लष्करातील मोटारसायकलस्वारांच्या डोक्यांच्या जखमांचा त्याने पुढे अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटच्या उपयोगाविषयी आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याला आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली. आणि २०२२ या एका वर्षात आपल्या देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे रस्त्यावर मेली, असा केंद्र सरकारचाच अहवाल आहे. मेलेल्यांची मोजदाद होते. जे मरत नाहीत आणि पूर्ववतही होत नाहीत, त्यांची मोजदाद करणारा रकाना आम्हांला कोठे आढळला नाही.

असो. बंधूंना दोन अनोळखी तरुणांनी रिक्षात घालून रुग्णालयात पोहोचविले. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीने लोक जखमीला हात लावीत नसत. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदतनिसांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद आली. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळावेत, अशीही योजना केंद्राने अधिसूचित केली आहे. हे सरकारी कागद आम्ही मुद्दाम सांगतो, कारण त्या रात्री ते वाचण्याची शुद्ध कोणालाच नसते.

रुग्णालयात आम्हांला प्रथम एक आकडा सांगण्यात आला: सात. ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये बेशुद्धीचे हे माप तयार केले. डोळे उघडण्याला चारपर्यंत गुण, बोलण्याला पाचपर्यंत, हातापायांच्या हालचालीला सहापर्यंत. शहाण्या जाग्या माणसाचे पंधरा आणि काहीच प्रतिसाद न देणाऱ्याचेही तीन. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे प्रकरण गंभीर. पुढचे अकरा दिवस आम्ही सारे कुटुंबीय शाळेतल्या मुलाच्या निकालाकडे पाहावे तसे त्या आकड्याकडे पाहत होतो.

कवटीच्या आत जे घडते ते डॉक्टरांनी आम्हांला कागदावर आकृती काढून समजावले. मेंदू सुमारे तेराशे-चौदाशे ग्रॅमचा मऊ गोळा. डोके वेगात येऊन एकदम थांबले की आतला मेंदू पुढे जाऊन आदळतो. कपाळामागील भागाखालची हाडे खडबडीत असल्याने तो भाग हमखास खरचटतो. शिवाय सारा मेंदू पिळला गेल्याने आतील बारीक तंतू ताणले जातात, तुटतात, आणि त्यांतील पुष्कळसे तपासणीच्या चित्रात दिसतही नाहीत. हा झाला पहिला घाव. दुसरा घाव नंतरच्या तासांत येतो: सूज, रक्ताची गुठळी, प्राणवायूची कमतरता. पहिल्यावर इलाज नाही. डॉक्टरांची सारी धावपळ दुसऱ्यासाठी असते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. काही वेळा पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो, ‘काही झाले नाही’ म्हणतो, आणि काही तासांनी त्याला गुंगी येऊ लागते. आत रक्त साचत असते. डोक्याला मार लागून उलटी झाली, झापड आली, बोलणे अडखळले, तर सकाळची वाट पाहू नये.

बंधूंवर त्याच रात्री शस्त्रक्रिया होऊन गुठळी काढण्यात आली. आमच्या लहानपणी असे प्रकरण बहुधा तीनशे किलोमीटरवरच्या नागपुरास न्यावे लागे, आणि वाटेतच पुष्कळदा संपे. आज रायपुरात मेंदूच्या शस्त्रक्रिया होतात, २०१२ पासून एम्स आहे. जीव वाचविण्याची विद्या आपल्या दारी आली. वाचलेल्या जिवाचे पुढे काय करायचे, ती विद्या अजून वाटेत आहे, असे आमचे मत झाले आहे.

कारण शुद्धीवर येणे हे चित्रपटात दाखवितात तसे नसते. तेथे नायकाच्या डोक्याला मार लागून स्मृती जाते आणि शेवटच्या रिळात दुसरा मार लागून परत येते. प्रत्यक्षात बाराव्या दिवशी बंधूंनी डोळे उघडले ते कोणाकडेही न पाहता. पुढे चार दिवसांनी त्यांच्या तोंडून पहिले शब्द निघाले, ते असे: ‘का होगे?’ परिचारिका मूळची धमतरीकडची. तिला ती आपलीच भाषा वाटली आणि ती आनंदाने छत्तीसगढीत उत्तर देऊ लागली. बंधूंच्या पत्नी, ज्यांच्याशी ते आयुष्यभर मराठीखेरीज बोलले नव्हते, त्या बाजूला उभ्या राहून रडत होत्या. त्यांना वाटले, आपण आता कायमच्या परक्या झालो.

पुढे आम्ही याविषयी वाचले. रिबो नावाच्या फ्रेंच पंडिताने १८८१ मध्ये असे मांडले की, स्मृती बिघडली की नवे आधी जाते आणि जुने टिकते. १८९५ मध्ये पित्र नावाच्या दुसऱ्या एका फ्रेंच डॉक्टराने, अनेक भाषा जाणणाऱ्या रुग्णांवरून, सर्वांत सरावाची भाषा आधी परतते असे म्हटले. तात्यापाऱ्यातील आमचे बालपण! घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी. गोट्या आणि भोवरे खेळताना बंधू जी भाषा बोलले ती तळाशी होती, ती प्रथम वर आली. मराठी तीन आठवड्यांनी आली. पण वाचा सुधारण्यासाठी ज्या तज्ज्ञ बाई येत, त्यांचे सारे तक्ते हिंदीत. ‘कद्दू’ चे चित्र दाखविले की बंधू गप्प बसत. तेच चित्र वहिनींनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, दाखवून ‘हे काय?’ विचारले की ‘भोपळा’ म्हणत. तेव्हा आपल्यासारख्या सरमिसळ भाषेच्या कुटुंबांनी उपचार करणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगावे की घरात कोणती भाषा आहे, आणि चित्रांचा मराठी तक्ता स्वतः करून द्यावा.

शरीर लवकर सुधारले. दर दोन तासांनी कूस बदलणे, सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हालविणे, बसविणे, उभे करणे, भिंतीला धरून चालविणे. हे सर्व व्यायामोपचार करणाऱ्या एका तरुण मुलीने आमच्या घरच्यांना शिकविले. शुश्रूषेचे सामर्थ्य किती, याचा मोठा दाखला मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला, गळा आवळल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि त्या २०१५ पर्यंत अंथरुणावर होत्या. एवढ्या प्रदीर्घ काळात तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची अशी निगा राखली की अंगाला शय्याव्रण होऊ दिले नाहीत. त्यांचा मेंदू परत येणे शक्य नव्हते. ज्यांचा येणे शक्य आहे, त्यांच्यासाठी आपण किती करतो?

चार महिन्यांत बंधू चालू लागले. लोक भेटीस येत, पाठीवर थाप मारीत, म्हणत, ‘अहो, अगदी पहिल्यासारखे दिसता!’ खरी परीक्षा तेथून सुरू झाली.

आमचे बंधू अत्यंत मृदुभाषी. आईला त्यांनी कधी उलट उत्तर दिले नव्हते. ते आता ताट सरकवून देत, ओरडत, आणि असे शब्द वापरीत की ते येथे उच्चारता येणार नाहीत. एकच प्रश्न तासाभरात दहा वेळा. दुपारी तासभर बसले की एवढे थकत की बोलणे अडखळे. स्वयंपाकाला चव नाही म्हणून रोज तक्रार. पुढे कळले की त्यांचा वासच गेला होता. नाकातून मेंदूत जाणारे गंधाचे नाजूक धागे अशा धक्क्याने तुटतात. दूध करपून धूर झाला तरी त्यांना समजत नसे, त्यामुळे गॅसपाशी त्यांना एकटे सोडणे बंद करावे लागले. पत्नीवर विनाकारण संशय. एके दिवशी आमची आई, तेव्हा तिला ऐंशी उलटलेली, आम्हांला बाजूला घेऊन म्हणाली, ‘दवाखान्यातून तुम्ही दुसऱ्यालाच आणलेत रे. हा माझा मुलगा नव्हे.’

डॉक्टर म्हणाले, कपाळामागचा भाग हा गाडीचा ब्रेक आहे. राग सर्वांनाच येतो. तो आवरणारे यंत्र यांचे जखमी आहे. यावर पाठ्यपुस्तकात एक प्रसिद्ध उदाहरण असते. १८४८ मध्ये अमेरिकेत व्हरमाँट प्रांतात रेल्वेमार्गासाठी सुरुंग भरताना फिनियस गेज या मुकादमाच्या गालातून शिरून कवटीतून एक लोखंडी कांब आरपार गेली. तो जगला, पण सभ्य मुकादमाचा शिवराळ, चंचल मनुष्य झाला. मित्र म्हणू लागले की हा आता गेज राहिला नाही. आमच्या आईचेच शब्द! पुस्तके बहुधा येथेच थांबतात. परंतु पुढची हकीकत अशी की, हाच गेज नंतर चिली देशात जाऊन कित्येक वर्षे सहा घोड्यांची टपालगाडी हाकीत होता. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, रोजचे तेच काम. ज्याचा ब्रेक तुटला असे म्हणत, तो डोंगराळ वाटेने उतारूंची गाडी नेत होता. हे वाचले त्या रात्री आम्हांला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

आता जे सांगणार आहोत ते सांगावे की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. या भाषणाचे खरे कारण तेच आहे, म्हणून सांगतो.

२००८ च्या सुमारास आमच्या हाताखाली एक लिपिक होते. मोटारसायकलच्या अपघातानंतर पाच महिन्यांनी, डॉक्टरांचा योग्यतेचा दाखला घेऊन, ते कामावर रुजू झाले. दिसायला ठणठणीत. पण नस्त्या हरवू लागल्या. सांगितलेले विसरत, विचारले की उखडत, दुपारी टेबलावर डोके ठेवून झोपत. इतर कर्मचारी हसत. आम्ही त्यांना ‘कर्तव्यात हयगय’ केल्याबद्दल एकामागून एक तीन ज्ञापने दिली. वार्षिक गोपनीय अहवालात स्वहस्ते लिहिले: ‘वृत्ती उद्धट; एकाग्रतेचा अभाव; सुधारणेची इच्छा दिसत नाही.’ वर्षभरात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज केला. तो आम्ही शिफारशीसह वर पाठविला आणि एक डोकेदुखी गेली असे समजलो. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढता येत नाही, अशी तरतूद १९९५ च्या कायद्यात होती. ते पुस्तक आमच्या खोलीतल्या कपाटात होते. त्या लिपिकाच्या व्याधीला त्या कायद्यात नेमके नाव नव्हते, हे खरे. पण नाव शोधण्यासाठीही आम्ही ते पुस्तक उघडले नव्हते.

बंधू ताट सरकवून ओरडले त्या रात्री आम्हांला तीन ज्ञापनांची भाषा शब्दशः आठवली.

एका रविवारी राजनांदगावला त्यांच्या घरी गेलो. कशासाठी गेलो हे आम्हांलाही नीटसे ठाऊक नव्हते. क्षमा मागायची, तर ती कोणत्या शब्दांत? दार त्यांच्या पत्नीने उघडले. त्यांनी आम्हांला ओळखले, आणि क्षणभर दार धरूनच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘या साहेब.’ घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी वह्या-पेन्सिलींचे छोटे दुकान थाटले होते. ते गल्ल्यावर बसले होते. शर्टाच्या खिशात एक लहान वही, तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. आम्ही बसताच त्यांनी घड्याळ पाहून वहीत आमचे नाव आणि वेळ लिहिली. म्हणाले, ‘संध्याकाळी विसरेन, म्हणून.’ आम्ही बंधूंची हकीकत सांगू लागलो. त्यांनी ती पूर्ण ऐकली आणि मग वही उघडून आमच्यापुढे धरली.

ती वही म्हणजे त्यांची स्मृती होती. डाव्या पानावर ठरलेली कामे, उजव्या पानावर झालेली. पहिल्या पानावर घरातील माणसे, औषधांच्या वेळा, आणि ठळक अक्षरांत ‘राग आला तर मागच्या अंगणात जाणे’. हे त्यांना कोणत्याही रुग्णालयाने शिकविले नव्हते. पत्नीने वर्षभर चुकतमाकत बसविले होते. आमच्या ज्ञापनांविषयी त्यांनी एक शब्द काढला नाही. विसरले होते की काढायचा नव्हता, हे विचारण्याचा धीर आम्हांला झाला नाही. निघताना आम्ही जे बोलायचे ते त्यांच्या पत्नीपाशी बोललो. त्या एवढेच म्हणाल्या, ‘तेव्हा आम्हांलाही कळत नव्हते. मीही ह्यांच्यावर ओरडतच होते.’ गल्ल्यावरून त्यांनी एक कोरी वही उचलली आणि आमच्या हाती दिली. पैसे घेतले नाहीत.

बंधूंची पहिली वही ती. सुरुवातीस त्यांनी ती दोनदा फेकून दिली. तिसऱ्यांदा आमच्या पुतणीने, ती तेव्हा नववीत होती, वहीत रोज एक कोडे लिहून ठेवायला सुरुवात केली. कोड्यासाठी ते वही उघडू लागले आणि सवय लागली. सोव्हिएत रशियात लुरिया नावाच्या मानसशास्त्रज्ञाने झासेत्स्की या सैनिकाची हकीकत लिहून ठेवली आहे. १९४३ मध्ये स्मोलेन्स्कच्या आघाडीवर गोळी त्याच्या मेंदूत शिरली. आपण लिहिलेले त्याला स्वतःला वाचता येणे कठीण होते, तरी तो पंचवीस वर्षे रोज लिहीत राहिला आणि सुमारे तीन हजार पाने झाली. राजनांदगावच्या त्या बाईंनी लुरियाचे नाव ऐकलेले असण्याचे कारण नाही.

सुधारणेची गती पहिल्या सहा महिन्यांत अधिक असते, हे खरे आहे. पण त्यानंतर दार बंद होते, ही समजूत खोटी आहे. बंधूंमध्ये तिसऱ्या, चौथ्या वर्षीही फरक पडलेला आम्ही पाहिला. मेंदूतील जे गेले ते गेले. उरलेले भाग सरावाने नवी वाट पाडतात. म्हणून सराव थोडा थोडा, पण रोज हवा. कामाचे लहान तुकडे करावेत. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. खोलीत दूरदर्शन आणि वीस पाहुणे एकाच वेळी नकोत. येथे मंडळींची क्षमा मागून सांगतो की, आपण प्रेमाने घोळक्याने येत होतात, ते त्यांना फार जड जात होते. नंतर याच मंडळातील सहा जणांनी वार वाटून घेतले आणि रोज एकाने अर्धा तास बसावे असे ठरविले. त्यामुळे बंधूंच्या पत्नीला दिवसात अर्धा तास मिळू लागला. त्या अर्ध्या तासात त्या काय करीत, असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा म्हणाल्या, ‘जाऊबाई, नुसती गच्चीवर उभी राहते.’ रुग्णाची चौकशी सारे करतात, त्यांचीही करावी.

तबल्याची गोष्ट राहिली. आठव्या महिन्यात वादकांपैकी एकाने, आम्हांला न विचारता, त्यांच्यापुढे तबला-डग्गा आणून ठेवला. काल काय जेवलो हे न सांगता येणाऱ्या माणसाने तीनताल धरला. हात अडखळले, डावा मागे पडला, पण सम चुकली नाही. हातांची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असते, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांना आपण वाजविले हे आठवत नव्हते. वहीत लिहिलेले दाखविले, तर त्यांना ती थट्टा वाटली. आई मात्र आतल्या खोलीतून ऐकत होती. ती म्हणाली, ‘हा आमचाच.’

२०१९ मध्ये आई गेली. नवे प्रसंग निसटण्याचा त्यांचा दोष तेव्हा बराच होता. तेराव्यापर्यंत ते दोन-तीनदा ‘आई कोठे?’ म्हणून विचारीत, आणि प्रत्येक वेळी ते दुःख त्यांना नव्यानेच होई. शेवटी त्यांनी स्वतःच वहीच्या पहिल्या पानावर लिहिले: ‘आई गेली. मी खांदा दिला.’ नवी वही सुरू झाली की ते हे वाक्य आजही पहिल्या पानावर उतरवून घेतात.

नोकरीचे काय, हा प्रश्न सर्वांचाच असतो. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास सरकारी आस्थापनेने काढू नये वा त्याची पदावनती करू नये. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसऱ्या पदावर घ्यावे, पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावे. मात्र त्या कायद्यातील एकवीस प्रकारांत मस्तकाघात स्वतंत्रपणे नोंदलेला नाही. त्यामुळे त्यातून जी वाणी, चालणे वा मनोव्यापार यांची बाधा उरली असेल, त्या बाधेचा दाखला घ्यावा लागतो. बंधूंच्या कार्यालयातही प्रथम ज्ञापनच आले. भाषा आमच्या ओळखीची होती. आम्ही कायदा जोडून अर्ज केला. अकरा महिने लागले. त्यांना जावक विभाग मिळाला: पत्र घेणे, क्रमांक टाकणे, पाठविणे. ठरलेली वेळ, रोजचे तेच काम. गेजची टपालगाडी आम्हांला आठवली.

क्रिकेटप्रेमी श्रोत्यांसाठी एक हकीकत सांगून आवरते घेतो. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथे आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर ग्रिफिथचा चेंडू आदळून कवटी फुटली. वेस्ट इंडीजच्या फ्रँक वॉरेलने रक्त दिले. आपल्या पुण्याच्या चंदू बोर्ड्यांनी आणि नाशिकच्या बापू नाडकर्ण्यांनीही दिले. सहा दिवस तो शुद्धीवर नव्हता. पुढे वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी त्याच्या कवटीत धातूची पट्टी बसविली. ती साठ वर्षांनी, २०२२ मध्ये, काढण्यात आली. ही गोष्ट सांगताना लोक वॉरेलच्या रक्तदानाशी थांबतात. आम्हांला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. कॉन्ट्रॅक्टर वर्षाच्या आत पुन्हा मैदानात उतरला, प्रथम श्रेणीचे सामने कित्येक वर्षे खेळला. कसोटी संघात मात्र त्याला पुन्हा कधीच घेतले नाही. एकतीस कसोट्यांवर त्याचा हिशेब थांबला. खेळायला तो तयार होता. न्यायची भीती दुसऱ्यांना वाटत होती.

आमचे बंधू आज पूर्ववत नाहीत. राग येतो, ते उठून अंगणात जातात. वास परतलेला नाही. दुपारी निजावे लागते. आकडी येऊ नये म्हणून गोळी चालू आहे. गेल्या गणेशोत्सवात त्यांनी दोन अभंगांना साथ केली, तिसऱ्याला थकून उठले, आणि श्रोत्यांपैकी कोणी काही बोलले नाही, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. राजनांदगावचे ते गृहस्थ आजच्या सभेस येणार होते. दुकान कोणाकडे सोपवावे हे जमले नाही, असा त्यांच्या पत्नीचा निरोप आहे.

तिसऱ्या रांगेत बंधू बसले आहेत. निघण्यापूर्वी त्यांनी आम्हांला विचारून वहीत टिपून घेतले होते: ‘दादाचे भाषण, चाळीस मिनिटे.’ मघापासून ते एकदा वहीकडे आणि एकदा घड्याळाकडे पाहत आहेत. तेव्हा आम्ही थांबतो.